कुत्र्याचा कोट आणि माझं नाक

प्रिय चिमणे,

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? दाजींचं रक्तदाबाचं यंत्र सुधारलं, की ते अजून आकडा पटेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजतात? मोठ्या लेकीची कंबर, धाकटीचा चष्मा, दोघींचं सविस्तर कळव. इकडे सगळे ठणठणीत आहेत. एक माझं नाक सोडून.

नाकाचं काय झालं ते सांगतो, पण मलाच ते नीट उमगलेलं नाही, तेव्हा तुला उमगलं तर मलाही कळव. मुलाच्या एका मित्राने बाहेरगावी जाताना आपला कुत्रा चार दिवसांसाठी आमच्याकडे ठेवला. त्याला आता सात महिने झाले. (मित्र फोन उचलत नाही. कुत्र्याला आम्ही पाहुणा म्हणतो.) पहिल्या दिवसापासून तो माझ्या शिलाई मशीनखाली, पायडलला टेकून बसतो आणि पहिल्या दिवसापासून मी शिंकतो. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, लोकरीची तुसं खाल्ली, तेव्हा या नाकाने हूं की चूं केलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ही कुत्र्याची ॲलर्जी. मी म्हटलं, मग भादरून टाकतो त्याला. तर म्हणाले, "आजोबा, दोष केसांचा नाही. अंगावरून कोंडा झडतो ना, त्याचा. आणि लाळेचा." लाळेला मी काय करणार, पण झडतो म्हटल्यावर माझ्यातला शिंपी जागा झाला. झडू न देणं हे तर अस्तराचं काम. मापं घेतली (छाती सव्वीस, कंबर कुठे सुरू होते ते शेवटपर्यंत सापडलं नाही) आणि गळ्यापासून शेपटीपर्यंत, चार बाह्यांचा, पाठीवर बटणं असलेला कोट शिवला. फिटिंगच्या वेळी पाहुणा जरासुद्धा हलला नाही. इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

आणि काय सांगू, दोन दिवस एक शिंक नाही. मी सूनबाईला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "बाबा, परवापासून तुम्ही डॉक्टरांची गोळीही घेताय." हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग गुण कोटाचा की गोळीचा? एकदा सोक्षमोक्ष लावावा म्हणून तिसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही. नेमका त्याच दिवशी सूनबाईने कोट धुवायला काढला आणि खोलीतच झटकला. दोन दिवस आत साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी शिंकलो, सूनबाई शिंकली, पाहुणाही शिंकला. (त्याला कुणाची ॲलर्जी, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.)

आता डॉक्टरांचं म्हणणं, पंधरा दिवस कुत्रा घराबाहेर ठेवा. नाक शांत झालं तर त्याला कायमचं दुसरं घर बघा. सूनबाईने खालच्या मजल्यावरच्या वकिलांना विचारूनही ठेवलंय. ती वाईट नाही गं, शिंकून शिंकून मला धाप लागली की तीच आधी डॉक्टरांना फोन लावते. मीही मान डोलावली. पण तुझी वहिनी गेल्यापासून मी मशीनशीच बोलत बसायचो. आता निदान ऐकणारा अधूनमधून कान तरी हलवतो. नाक शांत व्हावं की होऊ नये, याचंच मला काही ठरवता येत नाही.

तुझा,
दादा

ता. क. पंधरा दिवस पाहुण्याला तुझ्याकडे ठेवून घेशील का? वकिलांकडे एकदा गेला की परत यायचा नाही, त्यांच्याकडे बागेसकट सगळं आहे. त्याचा त्रास काही नाही. आणखी एक शिवून दोन कोट सोबत देतो.

आणखी एक ता. क. तो माझ्याशिवाय जेवत नाही, म्हणून मीही येतोय. डॉक्टरांनी कुत्र्याला घराबाहेर ठेवा म्हटलंय, मला घरात ठेवा असं कुठे म्हटलेलं नाही. विचारायला मुद्दामच गेलो नाही, उगाच म्हणायचे.

शेवटचा ता. क. मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो. होकार असेल तर लगेच दोन ओळी लिही. नकार असेल तर बुधवारी लिहिलंस तरी चालेल.