मुनेतोकी हे नाव पुढे न देण्याबाबत

मी, सेकी गावचा तलवार घडवणारा, पाचवा मुनेतोकी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. भट्टीत बघून बघून डोळे गेले आहेत, तेव्हा वाकड्या अक्षराबद्दल कोणी हरकत घेऊ नये.

घर आणि परसातलं पर्सिमनचं झाड मुलगी किनुए हिला. भट्टी, ऐरण, घण व उरलेला कोळसा जावई सादाहारू याला. त्याला रीतसर दत्तक घेतलेला आहे, म्हणजे तो मुलगाच.

शेजारी होंगो यांनी घणाच्या आवाजाची तक्रार केली होती. महायुद्धानंतर तलवारींवर बंदी आली तेव्हा मी विळे करून पोट भरलं. त्यातला एक त्यांनी नेला तो नेलाच. तो त्यांना असू द्यावा. भांडायचं त्राण नाही.

राहिलं नाव. वारसाने उस्तादाचं नाव घ्यायचं आणि पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर तेच कोरायचं, ही आमची रीत. सादाहारू कधी मागत नाही. किनुए मात्र जेवण वाढताना विषय काढतेच.

"बाबा, ते बोलत नाहीत म्हणून किती अंत बघाल? देऊन टाका की एकदाचं."

"नाव म्हणजे काय मुळा आहे, उपटून हातात द्यायला?"

"मग काय, बरोबर घेऊन जाणार?"

"हो, बरोबरच नेणार."

ती भाताचं भांडं उचलून आत गेली.

मी थट्टा करत नव्हतो. मुनेतोकीच्या पात्यावर धारेलगतची पांढरी रेघ सरळच लागते, गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. सासऱ्यांनी मलाही असंच दत्तक घेऊन नाव दिलं आणि मी जन्मभर त्यांचीच रेघ ओढत बसलो. फार थकलो. पाणी पाजण्याआधी पात्याला माती लावतात, तिच्यावरून रेघ ठरते; सादाहारू ती माती वेगळी लावतो; पाणी पाजलं की त्याची रेघ ढगासारखी वरखाली होत जाते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हेवा वाटला. माझं नाव घेतलं तर त्याला ती सोडावी लागेल.

म्हणून मुनेतोकी हे नाव माझ्याबरोबर संपेल. सादाहारू, शेवटचं पातं तूच घडवलंस. त्यावर मी काही कोरलेलं नाही. तुझं नाव घाल, आणि रुसू नकोस.

साक्षीदार : ओकुदा ताहेई, पात्यांना झिलई देणारे; निवा गेंशो, देवळाचे पुजारी.
सेकी, शोवा ४८ (सन १९७३), १९ नोव्हेंबर.

सही करताना आईने ठेवलेलं नाव जरा आठवावं लागलं.

तोराकिची