चिठ्ठी येण्याआधीचं उत्तर

११ फेब्रुवारी १९७३, कळंब

तुळजाबाईनं जीप अडवली. वाशीच्या पाझर तलावाचं दुष्काळी काम बघून परत निघालो होतो – हजारभर माणसं, खडी, धूळ – तर ही बाई रस्त्याच्या मधोमध टोपलं ठेवून उभी. मुकादम खेकसला. ती हलली नाही. शेवटी मीच उतरलो.

तिचा मुलगा बलभीम एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. तशी तार आली होती. तारेवर तिचा विश्वास नाही, पलटणीच्या पत्रावर नाही, कलेक्टरवर तर नाहीच. गेल्या डिसेंबरात आपले कैदी सुटून आले, त्यातल्या आळंदच्या कल्याणप्पाचं तिला कार्ड आलंय. कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. पलीकडच्या दवाखान्यात जुलैमध्ये बलभीम पाहिला, पाय प्लास्टरमध्ये होता, नंतर त्याला कुठं हलवलं माहीत नाही – एवढंच. हाताळून हाताळून कार्ड फडक्यासारखं मऊ झालंय. ते तिनं माझ्या हातात दिलं.

"आबासाहेब, तुमी दिल्लीला फौजेचे मंत्री. तुमी इचारा. तुमी सांगाल ते म्या मानते, दुसऱ्या कुणाचं न्हाय."

फौजेचा मंत्री! मी उपमंत्री. मोठे साहेब भाषणं करतात, मी खात्यानं लिहून दिलेली उत्तरं सभागृहात वाचतो. पण हे तिला सांगवलं नाही. विचारतो म्हणालो. मागं तिची सून कस्तुरा उभी होती. वीस-बावीसची असेल. गळ्यात मंगळसूत्र, हातात घमेलं. नजर कार्डावर.

१२ फेब्रुवारी

घरी बायकोला, मथुरेला कार्ड दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. कोटाच्या खिशात ठेवू नका, विसराल, म्हणाली. कोटाच्याच खिशात ठेवलं. कुर्डुवाडीला गाडी गाठायची होती.

२ मार्च, दिल्ली

कार्डाची नक्कल खात्यात दिली. चौकशी करतो म्हणाले.

आणि आज प्रश्नांची यादी आली. विरोधी बाकावरच्या एका वकील सदस्यानं विचारलंय – एकाहत्तरच्या लढाईतले आपले काही जवान अजून पलीकडच्या कैदेत आहेत काय? असल्यास किती? त्यांच्या सुटकेसाठी काय केलं? पंधरा तारीख. माझ्याच वाट्याला! त्याच दिवशी परराष्ट्र खात्याची उत्तरंही मलाच द्यायचीत. त्यांचे उपमंत्री दौऱ्यावर आहेत. गेले असतील थंड हवेत.

वाटलं, बरं झालं. प्रश्न आला की खात्याला हलावंच लागतं.

१४ मार्च

खातं हललं. सहसचिव उत्तराचा मसुदा घेऊन आले. "(अ) नाही, महोदय. (ब) आणि (क) – प्रश्न उद्भवत नाही." झालं. दीड ओळ.

मी कार्डाचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, पलटणीनं कल्याणप्पाचा जबाब घेतलाय. दवाखान्यातल्या माणसाच्या तोंडावर पट्ट्या होत्या. आवाजावरून बलभीम वाटला, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. पलीकडच्यांनी तर एकही उरला नाही असं लिहून दिलंय. वाटाघाटी चालू आहेत. अशा वेळी आपण सभागृहात आहे म्हणायचं, तर पुरावा काय – हे कार्ड?

मी म्हटलं, मग माहिती घेत आहोत एवढं तरी म्हणू. ते म्हणाले, म्हणता येईल. पण मग दर आठवड्याला तोच प्रश्न येईल, साहेब.

त्यांना ठाऊक आहे. महिन्याभरात मंत्रिमंडळात फेरबदल होणार, राज्यमंत्र्यांच्या यादीत माझं नाव आहे, हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांनी त्यांनाही सांगितलं असणार. मी मसुद्यावर सही केली. रोजनिशीत तरी खरं लिहावं – फार विचार न करता केली.

१५ मार्च

अकरा वाजता प्रश्नोत्तरं सुरू. परराष्ट्र खात्याची दोन उत्तरं झकास गेली. सामुद्री हद्द काय, वकिलातीतल्या जागा काय – ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही तेच मी फार ठामपणे वाचतो. मग आपला प्रश्न. वाचलं. नाही, महोदय. खाली बसलो.

वकील उठला. उपप्रश्न: "मंत्रिमहोदयांना व्यक्तिशः अशा एखाद्या जवानाची माहिती आहे का?" त्याला काही ठाऊक नव्हतं. अंधारात खडा मारला गड्यानं. पण माझा हात कोटाच्या खिशाकडं गेला.

अशा वेळी मंत्री घसा खाकरतो, कागद चाळतो, पाणी पितो. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी येते. सहसचिव मान खाली घालून लिहीत होते, मला दिसत होते. थांबायचं, एवढाच नियम! नवखा सुद्धा थांबतो. मी थांबलो नाही. भ्यालो. उठलो आणि म्हणालो, "नाही, महोदय."

पुढचा प्रश्न पुकारला गेला. मग चिठ्ठी आली. "एक प्रकरण निदर्शनास आले आहे, चौकशी चालू आहे, असे म्हणण्यास हरकत नाही."

हरकत नाही!

१६ मार्च

मोठे साहेब म्हणाले, "छोटं, स्वच्छ उत्तर." जेवलो नाही.

२५ मार्च, कळंब

सकाळीच तुळजाबाई आली. वाशीहून पहिल्या एस.टी.नं, एकटीच. तलावावर मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या होत्या. त्यात माझं नाव आणि कैदी कुणी उरला नाही हे ऐकून तिनं टोपलं खाली ठेवलं, म्हणे. वाटलं, आता शिव्या घालील, घालू दे.

"तारंला म्या मानलं न्हाय," ती म्हणाली. "तुमी बोललाव, तवा खरं असंल. लई इचारपूस केली असंल तुमी. लेकरासाठी येवढं केलं, तुमचं बरं व्हवो."

पाया पडायला वाकली. माझ्या! माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मावशी, मी फार काही विचारलं नाही, लिहून दिलं ते वाचलं. एवढंच वाक्य. मथुरा दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तिला चहा टाकायला सांगितलं.

तुळजाबाई गेल्यावर मथुरेनं विचारलं, कार्ड परत दिलंत का? नाही दिलं. तिनं मागितलंच नाही.

१ एप्रिल

वाशीहून कळलं, त्यांनी बलभीमचे दिवस घातले. देह नसला की पिठाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. गहू कुणाच्याच घरी नाही. रेशनच्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं पीठ – त्याची भाकरी थापली तरी चिरते. तो माणूस जमेचना. हात केला की पाय गळायचा. शेवटी कस्तुरानं बलभीमच्या जुन्या सदऱ्यात पीठ भरलं आणि गाठ मारली. मग तिच्या बांगड्या सासूनंच उतरवल्या.

मी गव्हाचं पोतं पाठवलं होतं. दुपारी पोचलं. सगळं उरकल्यावर.

४ एप्रिल

पाडवा. जीपनं तीन गावं केली. कुणी काही विचारलं नाही.

२९ एप्रिल

फेरबदल झाला. माझं नाव नाही. हसू आलं, आणि स्वतःची किळसही आली.

पण एक गंमत बघतोय. कल्याणप्पाचा जबाब पुन्हा पुन्हा वाचतो – तोंडावर पट्ट्या, नुसता आवाज, खात्री नाही – आणि आता मलाच वाटायला लागलंय की बलभीम एकाहत्तरच्या डिसेंबरातच, लढाईत गेला. उत्तर बरोबरच होतं. असं वाटलं की झोप लागते.

२० मे, कळंब

कस्तुराचे वडील लिंबाजी तिला घेऊन आले. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो. पोरीचं सगळं आयुष्य पडलंय, सासूची ना नाही, तर साहेबांनी सल्ला द्यावा, म्हणाले. मी सल्ला कसला, स्थळच दिलं! येरमाळ्याकडच्या शाळेत मच्छिंद्र गुरुजी आहेत. बायको वारली, मूल नाही, सज्जन माणूस. माझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. मी अगदी उत्साहात बोलत होतो. कुणाचं तरी काहीतरी सरळ करता येतंय, असं वाटत होतं.

लिंबाजींनी मान डोलावली. तेवढ्यात कस्तुरा बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, तुमची खात्री हाय का?"

या वेळी घाई नव्हती. सभापती नव्हते. हवं तेवढं थांबता आलं असतं. कार्डाचं सांगता आलं असतं.

"आहे," मी म्हणालो.

मथुरा उठून आत गेली.

३ जून

पाट लागला. पाटाला वाजंत्री नसते, दहा-बारा माणसं फक्त. मी लुगडं पाठवलं होतं, तेच ती नेसली. तुळजाबाई वाशीहून आली होती. सुनेची पाठवणी तिनंच केली, मच्छिंद्र गुरुजींना म्हणाली, लई गुणाची हाय, जपा.

माझ्या हातून एक तरी काम चांगलं झालं. आज तसं वाटलं खरं.

८ जून

सकाळी दिल्लीहून ट्रंक कॉल. सहसचिव. पलीकडच्या एका तुरुंगातून अकरा माणसं सोडताहेत, सातवं नाव बलभीमचं. पाय अधू आहे, बाकी ठीक. सोमवारी सरहद्दीवर ताब्यात मिळणार. सभागृहातल्या उत्तराची काळजी करू नका, म्हणाले, पुढच्या अधिवेशनात एका ओळीचं निवेदन ठेवलं की दुरुस्ती होते. घरच्यांना तेवढं तुम्ही कळवा, तुमच्याच भागातले आहेत.

जीप दारात उभी आहे. ड्रायव्हर विचारतोय, आधी वाशी की येरमाळा?