वाटेतल्या तीन आत्या

लॉर्कन,

कॉर्क, डिंगलचा किनारा आणि गॉलवेतलं नाटक, असा चार दिवसांचा आपला बेत तू फोनवर आईंना सांगून बसलास. आता वाटेतल्या तुझ्या तिन्ही आत्यांनी अंथरुणं काढून ठेवलीत. ब्रीड आत्या तर म्हणाल्या, "आम्ही जिवंत असताना हॉटेलात राहणार? लाज नाही वाटत?" त्यांच्याकडे उतरलो, तर समुद्र चहा पितापिता खिडकीतूनच बघायचा.

मुरिन झाल्यापासून आपण दहा मिनिटं सलग बोललेलो नाही रे. मला हे चार दिवस फक्त आपण तिघंच हवेत. म्हणून आत्यांना कळवलंय, बाळाला कांजिण्या आल्यात.

ते ऐकून आई सूप घेऊन निघाल्यात, चारला घरी पोचतील. सामान आणि ठणठणीत मुरिन गाडीत घालून मी चर्चमागे थांबलेय. चिठ्ठी फाड आणि मागच्या दाराने पळत ये.

डर्व्हला