अक्काला ठेवून समुद्राला

१२ मार्च, बुधवार
अमेरिकेहून शिवूचा फोन. जूनमधी मला न्यायचं ठरवलंय पोरानं. व्हिसा पडूनच हाय, मागल्या वर्षी पाय मुरगळला म्हणून ऱ्हायलं होतं. तिथून आणखी एका बारक्या गावाला सुट्टीला जायचं म्हणे. समुद्राच्या काठाला. मागं सगळे द्राक्षाचे मळे, त्याची दारू करतात.
म्हनलं, लिंगायताची म्हातारी तिथं काय करू रे?
"आई, तू नुसता समुद्र बघ."
अक्का आतून वरडायली, "कोन गं? शिवू व्हय?" जाऊ माझी, पण शिवूला माझ्यापरीस तिनंच जास्त खांद्यावर घेतलं. तिला लेकरू न्हाई. आता खाटेवर हाय. हिला कोण बघणार, ते शिवू बोललाच न्हाई. मी पण न्हाई विचारलं.

१३ मार्च, गुरुवार
अक्काची पूजा झाली. भाकरी दुधात कुस्करून दिली.
पूजेशिवाय पाण्याचा थेंब घेत न्हाई. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेती, हात पानासारखा हालतो. खालून माझा हात लावून धरावा लागतो. ती डोळे मिटून बसती, आणि मी दूध उतू जाईल का, नळ आला का...
कंटाळा आलाय. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१७ मार्च, सोमवार
शिवू परत. "मोठ्याईसाठी बाई ठेवू. सकाळी येईल, रात्री जाईल, रात्री शेजारची पोरगी झोपंल."
म्हनलं, पूजा?
"आई, चार दिवस पूजा चुकली तर देव रागावतो का?"
देव न्हाई रागावत, बाबा. अक्का उपाशी मरती.
तिकिटाचं बसव जयंतीपर्यंत सांग म्हनला.
गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, अक्काला सोडून कुठं जाऊ मी. बाया म्हनल्या, किती गं तुझी माया. माया न्हाई काय न्हाई. शिवू न्यायचं म्हनला तवा, तिथं सकाळी कुणी हाक मारणार न्हाई, हेच सुख पहिलं डोक्यात आलं होतं.

३० मार्च, रविवार
उगादी. पुरण केलं, पाय सुजले.
शिवूनं फोनवर ते घर दाखवलं. खिडकीत समुद्र. पाणी लई गार, कुणी उतरत न्हाई म्हणे.
"मग कामून जायचं?"
"बघायला. मळ्यात पण जाऊ. तिथं लोक दारूचा घोट घेतात, चव बघतात आणि थुकतात."
"थुकायला एवढ्या लांब? आपल्या बसस्टँडवर काय कमी हाय?"
सून मागं हसायली. अक्का पण हसली, तोंडातलं पुरण सांडलं.

४ एप्रिल, शुक्रवार
शिवूच्या सांगण्यावरून बूट आणले. इरकली लुगड्यावर बूट. गच्चीवर चालून बघितलं. खाली आले तर अक्का म्हणती, "पोलिसावानी दिसायलीस. कुणाला धरायला निघालीस?"
बूट काढून खाटेखाली सारले. तिच्याच खाटेखाली. दुसरी जागा कुठाय.

८ एप्रिल, मंगळवार
बाई आली. मार्था. नौबादची, किरिस्ताव. कानडी बोलती, मराठी तुटकं. दवाखान्यात काम केलेली, हात चालू.
आल्या आल्या अक्काच्या तोंडाला चहा लावला. पूजा व्हायची होती! अक्कानं चहा तिच्या अंगावर थुकला. मार्था पदर पुसत उभी. मी मनात म्हनलं, झालं, सुटले. मग कशातून सुटले ते कळंना. जाण्यातून का ऱ्हाण्यातून.
मार्थाला वाटलं आता काढून टाकतील. ती खाली बसली आणि अक्काला म्हनली, "अम्मा, मला दाखवा. पूजा कशी करतात?"

९ एप्रिल, बुधवार
मार्थानं पूजा बघितली, शेवटपर्यंत.

१५ एप्रिल, मंगळवार
मी मुद्दाम मेहकरला, आमच्या गावाकडं गेले, मार्थाला एकटीला जमतंय का बघायला. शेत बटईनं दिलंय, तेवढंच निमित्त. रात्री तिथंच ऱ्हायले. अक्कानं काय खाल्लं नसंल, हेच डोक्यात. भाऊकीतल्या बाईनं झुणका वाढला, तसाच ठेवला.

१६ एप्रिल, बुधवार
दुपारी घरी. दारातून बघते तर अक्का उशीला टेकून बसलेली, कपाळावर विभूती, ताटात भाकरीचा तुकडा उरलेला. दोघी हसायल्या.
"पूजा झाली का?"
"झाली की. मार्थानं हात धरला. न्हाऊन आली होती बिचारी, केस ओले."
"मग, जमतंय म्हण तिला."
अक्का म्हनली, "हिचा हात थांबतो, नागव्वा. तुझ्या हाताला घाई असती."
मार्था ताट उचलून आत गेली. मी पिशवीतल्या शेंगा काढत बसले. घाई नसंल तर काय असंल? एवढी वर्षं हिचं गू-मूत, हिचं सगळं... जाऊ दे. खोटं बोलली असती तर राग तरी आला असता.

१९ एप्रिल, शनिवार
शिवूला मार्थानंच फोनवर सांगितलं, काळजी करू नका, अम्मा खातात. शिवू खुश. "बघ आई, आता काय अडचण हाय?"
खरंच काय न्हाई. कधी न्हाई ते सगळं मोकळं झालं, आणि मला गच्चीवरचे कपडे आणायचं पण जिवावर आलं.
अक्काला विचारलं, जाऊ का?
"जा की. मी कुठं पळून जायलेय?" मग भिंतीकडं तोंड केलं. झोपली का न्हाई, माहीत न्हाई.

२९ एप्रिल, मंगळवार
उद्या जयंती. आज सांगायचं होतं शिवूला.
पहाटेच उठले. मार्था यायच्या आधी पाणी तापवलं, अक्काला पुसलं, विभूती लावली. तिनं लिंग तळहातावर घेतलं, मी खालून हात लावला. शेगडी बंद करून आले होते. नळाचं पाणी बाहेर सांडायलं, सांडू दिलं.
फळीवर फोन वाजायला लागला. शिवूच. वाजून बंद झाला. परत वाजला.
अक्कानं डोळे न उघडता विचारलं, "आज गडबड न्हाई का तुला? शिवूला काय सांगणार?"
म्हनलं, "बघू. आधी पूजा होऊ दे. हात हालू देऊ नको."