पाकिटातला ॲपल पाय आणि पुढची खोली

आदरणीय व्याही यांस नमस्कार, आणि विहीणबाईंना आम्हा दोघांचाही.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी जिना उतरताना तो वाजत होता. तुम्ही ‘वयाचं आहे’ म्हणून उडवून लावलंत, पण मला तो आवाज तेल नसलेल्या बिजागरीचा वाटला. दाखवून घ्या. फोन मुद्दामच केला नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर टाकता (मला मागे तुमचा पंखा ऐकू येतो) आणि हा मजकूर चारचौघांत ऐकायचा नाही. सूनबाई सोमवारी तुमच्याकडे सुखरूप पोचली असं चिरंजीवांनी सांगितलं. झाला प्रकार तिने तुम्हाला सांगितला असेल, आणि नसेल सांगितला तर तो तिचा चांगुलपणा; तेव्हा मीच कळवतो. तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून आधी हिशेब मांडतो. गेल्या रविवारी आमच्या घरी एक ॲपल पाय झाला. त्याला लागलं ते असं: तयार पिठाचं एक पाकीट, सहा सफरचंदं (सातवं मी चव बघण्यात संपवलं), तीन अंडी, दोन पेले दूध, चमचाभर दालचिनी, एक नवा कोरा डबा, शेजारच्या घड्याळजींची दुपारची झोप, आणि आमच्या घरात एरवी जेवताना जे बोलणं चालतं ते सगळं. पाकिटावर फक्त ‘सोपा, घरगुती, चाळीस मिनिटांत’ एवढंच छापलं होतं.

मूळ गोष्ट पुढच्या खोलीची. तुम्ही ती पाहिली आहे. रस्त्याकडे दार, एक मोठी खिडकी, आणि आत डब्या-साच्यांसाठी रचलेले माझे पत्रे. सूनबाईला ऑफिस सोडून तिथे पायचं दुकान काढायचं आहे, हे ती वर्षभर सांगते आहे. मीही वर्षभर ‘बघू’ म्हणतो आहे. गेल्या महिन्यात जेवताना तिने पुन्हा विषय काढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की हल्ली पाकीट मिळतं, ते कोणीही फोडतं आणि कोणीही पाय करतं, त्याला खोली कशाला अडवायची? ती म्हणाली, ‘कोणीही?’ मी म्हणालो, ‘मीसुद्धा.’ झालं. रविवार ठरला. मला जमलं तर पुढची खोली पत्र्यांचीच राहणार. (न जमलं तर काय, हे मी बोललो नाही. व्यवहारात आपली हरायची अट आपण होऊन मांडायची नसते, हे मी फार लवकर शिकलो.)

आता मी या कामाला अगदीच परका होतो असंही नाही. अडतीस वर्षांपूर्वी एक कात्री, एक हातोडी आणि रस्त्याकडेची चार फूट जागा एवढ्यावर मी बसलो, तो आज या भागातल्या प्रत्येक बेकरीत पाव फुगतो तो माझ्या साच्यात. कोणी शिकवलं नाही, कोणी हात धरला नाही. आणि माझा डबा गळतो असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे डबा विकत आणायचा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी खास या पायसाठी एक रुंद, उथळ डबा मी स्वतः ठोकला. आमची मंडळी दारात उभी राहून म्हणाली, ‘अहो, पाणी भरून बघा तरी.’ मी टिचकी मारली, कान लावला, आणि तिला सांगितलं की सांधा कच्चा असला तर आवाज फुटका येतो, हा घंटेसारखा आहे. पाणी भरून बघणं नवशिक्यांचं काम.

या पायची गंमत अशी, की याला खाली कणकेची पोळी लाटून घालावी लागत नाही. सफरचंदाच्या फोडी डब्यात पसरायच्या, पाकिटातलं पीठ दूध-अंड्यांत घुसळून वरून ओतायचं, आणि भट्टीत ठेवायचं. पीठ आपणहून खाली बसतं आणि त्याचा तळ होतो. पाकिटावर वाक्यच होतं, ‘तळ आपोआप तयार होतो’. मला ते इतकं आवडलं की मी मोठ्याने दोनदा वाचलं आणि म्हणालो, हे तर माझंच चरित्र आहे. सूनबाई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘बाबा, आपोआप काही होत नाही.’

सगळं बेतशीर झालं. ओव्हनचं दार लावलं आणि मी स्टूल ओढून समोर बसलो. (घड्याळ लावलं नव्हतं; मला कान आहेत.) पाचेक मिनिटांत आतून आवाज यायला लागला. चर्र. थोडं थांबून पुन्हा चर्र. मी चिरंजीवांना टीव्ही बंद करायला लावला, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणालो, ‘ऐका. तळ धरतोय.’ मंडळी म्हणाली, ‘मला तर फोडणीसारखं वाटतंय.’ चिरंजीव म्हणाले, ‘जळकट वास येतोय, बाबा.’ मी म्हणालो, नव्या डब्याचा पहिला वास असाच असतो. आणखी थोड्या वेळाने दार वाजलं. घड्याळजी बनियनवर उभे. ‘आग कुठे लागली आहे?’ त्यांना आत बोलावलं आणि न सांगता परीक्षक नेमलं.

पाय दिसायला झकास होता. वरून तांबूस, मधूनमधून सफरचंद डोकावतंय. पण सुरी घातली तशी ती थेट पत्र्यावर जाऊन वाजली. वर पापडासारखा एक थर, त्याखाली कोरड्या फोडी, आणि त्याखाली डबा. घड्याळजी बराच वेळ चावत राहिले (मला त्यांचा एकेक चावा ऐकून मोजता येत होता) आणि म्हणाले, ‘पौष्टिक असणार.’ चिरंजीवांनी पाणी मागितलं. सूनबाईने मात्र पूर्ण तुकडा खाल्ला, चमचा नीट बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘चव चांगली आहे, बाबा. तळ कुठे आहे?’

माझ्या मते दोष पाकिटाचा. मी दुकानदाराकडे जाऊन तसं सुनावलंही. त्याने मला दुसरं पाकीट फुकट दिलं, म्हणजे त्याला दोष मान्यच आहे. शिवाय सफरचंदं कोरडी होती, आणि ओव्हन जुना. जेवणं झाल्यावर सूनबाई तासभर तो ओव्हन आतून खरवडत होती. इतका मळ साचेपर्यंत कोणी बघितलं कसं नाही, असं मी बोललोदेखील. तर एकंदरीत सामना बरोबरीत सुटला असं धरून सध्या खोली आहे तशी आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याचं मनावर घ्या.

आपला व्याही,
(कान अजून शाबूत असलेला)

ता. क. एक गोष्ट राहिली. रविवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून सूनबाईचं बोलणं कानावर आलं. ऑफिसने तिला दुसऱ्या शहरात बदली देऊ केली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. ‘इथे खोली मिळत नसेल तर आपण दोघंही जाऊ’ असं ती चिरंजीवांना म्हणाली आणि ते काहीच म्हणाले नाहीत. (त्यांचं काही न म्हणणं मला चांगलं ओळखता येतं.) हे पत्र कुरियरने तुम्हाला उद्या, बुधवारी मिळेल. तिने ऑफिसला काही कळवण्याआधी सहज विचारून घ्या, की दुकानाचा ओटा खिडकीशी हवा की दाराशी. मी विचारलं असं सांगू नका. पत्रे मी काल मागच्या पडवीत हलवले.

पुन्हा ता. क. सांगितलंत तरी चालेल.

आणखी एक. तिला साचे लागतील, ते मी करून देईन, पण प्रत्येक साचा तिने स्वतः पाणी भरून बघून घ्यावा. माझ्या टिचकीवर जाऊ नये. काल सकाळी मंडळी बाजारात गेल्यावर मी तो डबा पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवला. ती परत आली तोवर पहिलं पान भिजून दुसऱ्याला चिकटलं होतं. म्हणजे सूनबाई ओव्हनमधून तासभर खरवडत होती तो मळ नव्हता, माझं पीठ होतं, आणि हे तिला रविवारीच कळलं होतं. घरात कोणालाही ती बोलली नाही.

डबा गळतो.