खालून वरच्या सुरात जाताना

पप्पा, ट्रॉम्बोन शिकवलात त्या चार वर्षांत तुम्ही जे सांगितलं नाहीत ते मला गेल्या रविवारी दहा मिनिटांत कळलं, म्हणून लिहायला बसले आहे. आपल्या गावच्या बँडला शिकवायला हल्ली मुंबईहून एक बाई येतात, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ट्रॉम्बोनवर खालच्या सुरातून वरच्या सुरात जाताना माझा आवाज मध्येच तुटतो, हे त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, माउथपीस ओठांवर दाबू नका. वर जायच्या आधीच हवेचा वेग वाढवा आणि तोंडातल्या तोंडात जीभ ‘आ’वरून ‘ई’वर न्या, सावकाश. बस्स, एवढंच. मी तसं केलं आणि सूर कुठेही न अडखळता वर गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण तुमचा इतका राग आला, की मी ट्रॉम्बोन पेटीत घातला आणि सरळ घरी आले.

तुम्ही काय सांगायचात? ‘ऐक.’ एवढं एकच. पापडी गावातल्या आपल्या घरातलं ते स्वयंपाकघर, आई ओट्याशी कोळंबी सोलते आहे, तुम्ही पाटावर आणि मी तुमच्यासमोर स्टुलावर. तुम्ही खालून वर जाता, तेल ओतावं तसे. मी जाते आणि मध्ये खड्डा पडतो. कसं करू विचारलं की तुम्ही पुन्हा वाजवून दाखवता आणि म्हणता, ऐक. सतराव्या वाढदिवसाला मी घड्याळ मागितलं होतं, तुम्ही जुना ट्रॉम्बोन आणलात. त्याच्या तोंडाला पोचा होता. तो काढून घेऊ, म्हणालात. अजून आहे. मी रोज सातिवलीच्या कारखान्यात नवीन मुलींना मशीन शिकवते. त्यांना नुसतं ‘बघ’ म्हटलं असतं तर एकीलाही काम आलं नसतं.

मग तुमचे वरचे दात काढले आणि कवळी आली. तेव्हापासून तुम्ही नवीनच पद्धत काढलीत. एकच चाल, पण खालचे सूर तुम्ही वाजवायचे आणि चाल वर चढली की मी उचलायची. तुझे ओठ ताजे आहेत, म्हणालात. खरं कारण मला आईने सांगितलं. तुम्ही अंगणात गेलात तेव्हा ती हळूच म्हणाली, “वर जाताना त्यांची कवळी हलते. तू कळलंय असं दाखवू नको.” मी दाखवलं नाही. वर्षभर तुमचं अर्धं वाजवत राहिले. आणि तुम्ही एका तालमीत सगळ्या बँडसमोर मला थांबवलंत.

“सांधा ऐकू येतो,” तुम्ही म्हणालात. “दोन माणसं वाजवतायत हे कळतं.”

दोन माणसंच वाजवत होती, पप्पा. क्लॅरिनेटवाले काका हसले, बँडमास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली मान घातली. मी फक्त एक वाक्य बोलले असते तर तुमची कवळी साऱ्या गावाला कळली असती. ते वाक्य गिळायला मला किती जड गेलं, ह्याची तुम्हाला कल्पना तरी होती का?

त्यानंतरच्या रविवारी चुलतभावाचं लग्न होतं. मिस्सा संपते, नवरा-नवरी चर्चच्या दारातून बाहेर येतात, आपण पायऱ्यांपाशी उभे. तुम्ही खालून सुरुवात करता. माझी जागा येते आणि मी ट्रॉम्बोन खाली घेते. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता, मग एकटेच वर जाता. पहिले दोन सूर लागतात. तिसऱ्याला नुसती हवा येते, आणि लोक वळून बघतात. क्लॅरिनेटवाल्या काकांनी चाल सावरून घेतली. नंतर बँडमास्तरांनी काय झालं विचारलं तर तुम्ही म्हणालात, माझी चूक. घरी येताना मी तुम्हाला सांगितलं की माझा श्वास संपला. होतं असं कधी कधी, तुम्ही म्हणालात आणि पुढे चालू लागलात.

पुढच्या सणाला तुम्ही मोठा ढोल गळ्यात घातलात आणि सगळी चाल माझ्यावर सोपवलीत. मरेपर्यंत ढोलच वाजवलात. एकदा तरी रागवायचं होतंत. एकदा तरी विचारायचं होतंत. ते जमत नव्हतं तर निदान जीभ कुठे न्यायची तेवढं तरी सांगायचं होतंत. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. तेही एकटीच.

आईला हे वाचून दाखवणार नाही. लग्नाच्या त्या दिवशी मला चक्कर आली, असं मी तिला सांगितलं होतं, आणि तिला अजूनही तेच खरं वाटतं. कागदाची घडी करून कपाटात ठेवेन.

माझा श्वास संपला नव्हता, पप्पा. छाती भरलेली होती.