वरचं दूध

प्रिय चिंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळे बरे आहेत. हाताशी फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुलाही माहीत आहे. 'बरी आहेस ना?' 'बरी आहे.' 'गोळ्या घेतेस ना?' 'घेते.' 'चल, ठेवते.' या आठवड्यात तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तुझ्या लेकाच्या शाळेची चौकशी करून ठेवून दिला. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधेच 'ठेवते' म्हणता येत नाही.

तुझ्या भाचीला आम्ही सगळे मुंगी म्हणतो. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशेची होती, म्हणजे मुंगी म्हणण्याइतकी बारीक नव्हती, पण हातपाय सारखे चालू, म्हणून ते नाव पडलं. तुझा भाऊ बाप झाल्यापासून ओळखू येत नाही. त्यानं एक वही केली आहे. कधी प्यायली, कधी झोपली, किती लंगोट ओले झाले, सगळं त्यात. शाळेत ज्याची एक वही कधी पूर्ण झाली नाही, तो आता 'दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, शिंक' असं लिहितो. भावजय तुझी शांत आहे. पहिलटकरीण, पण उगाच घाबरत नाही. विचारते, ऐकते आणि सांगितलेलं करते. विचारायची ती मलाच. का नाही विचारणार? दवाखान्यात एकतीस वर्षं बाळांची वजनं घेतलेली सासू घरात बसली आहे.

दवाखान्यात बाळांच्या आया मला 'काटेबाई' म्हणायच्या, आठवतं ना? मला वाटायचं, वजनकाट्यापाशी बसते म्हणून. निवृत्तीच्या दिवशी आमच्या आयाबाईनं हसत हसत सांगितलं, 'बाई, तो काटा नव्हे हो, बोलण्यातला.' मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य बोचत राहिलं. कोणी बाई बाळाला घेऊन आली आणि पिशवीतून बाटलीचं बूच दिसलं, की माझ्या कपाळाला आठी पडायची. अंगावरचं दूध सोडून वरचं दूध म्हणजे आळस, हा माझा हिशेब. पुष्कळ जणींच्या बाबतीत मी बरोबरही होते. धीर दिला, बाळ नीट धरायला शिकवलं की त्यांना दूध यायचं. पण पुष्कळ जणी म्हणजे सगळ्या जणी नव्हेत. हे मला कागदावर पाठ होतं, मनाला मात्र नव्हतं.

मुंगी दीड महिन्याची झाली तेव्हा वजन साडेतीन किलो भरलं. थोडं कमीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्ष ठेवा. घरी येऊन मी सूनबाईला म्हटलं, आपल्या घरातली मुलं चणीनं लहानच, तू पाजत राहा. ती पाजत राहिली. तास तास पाजायची. मुंगी प्यायची, दमायची, झोपायची, अर्ध्या तासानं पुन्हा चुळबुळायची. मग चुळबुळही कमी झाली, झोप वाढली. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती गुणाचं बाळ, रडतसुद्धा नाही. मी मान डोलावली.

चिंगे, माझ्या हाताला कळलं होतं. बाळ उचललं की पन्नास ग्रॅमच्या फरकानं मी वजन सांगत असे, तू लहानपणी कलिंगडं हातात देऊन माझी परीक्षा घ्यायचीस. मुंगीला आंघोळ घालताना मांडीवरची सैल कातडी माझ्या बोटांना लागत होती. एकदा टॉवेलात गुंडाळता गुंडाळता सूनबाईनं विचारलं, 'आई, वाढतेय ना हो ही?' मी म्हटलं, 'वाढतेय की.' इतकं सहज म्हटलं की माझा मलाच विश्वास बसला.

मागच्या सोमवारी दहा आठवड्यांची तपासणी होती. आम्ही तिघं मुंगीला घेऊन सकाळीच गेलो. खोली छोटीशी, उबदार. भिंतीवर उंची मोजायची पट्टी, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, टेबलावर मऊ गादी. डॉक्टरीणबाईंनी आधी खेळच मांडला. लाल लोकरीचा गोंडा मुंगीच्या डोळ्यांपुढून हळूहळू नेला, तर ही पठ्ठी डावीकडून उजवीकडे त्याच्या मागोमाग. पालथी घातली तर डोकं दोन क्षण उचललं, डुगडुगलं, आणि नाकावर आपटायच्या आत डॉक्टरीणबाईंचा हात पुढे. मागे घुंगुर वाजवला तर हात थांबले. मग त्यांनी तोंड जवळ नेऊन बोबडं काहीतरी म्हटलं आणि मुंगी हसली, अख्ख्या तोंडानं, हिरड्या दाखवून. तुझ्या भावानं लगेच वही काढली. डोक्याचा घेर मोजताना तो म्हणाला, 'डोकी आमच्याकडे मोठीच असतात, आत काय आहे ते विचारू नका.' सगळे हसलो. मग तिला काट्यावर ठेवली.

तीन किलो आठशे सत्तर.

महिनाभरात जेमतेम पावणेचारशे ग्रॅम. दुप्पट तरी हवं होतं. कार्डावरची रेघ वर चढायची सोडून आडवी व्हायला लागली होती. डॉक्टरीणबाई घाबरवणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, 'आत्ता इथेच पाजा, आपण बघू.' पंचवीस मिनिटं पाजलं. मी शेजारी बसून बघत होते. धरायची पद्धत उत्तम, तोंड नीट लागलेलं, काही म्हणजे काही चुकत नव्हतं. पुन्हा त्याच कपड्यांत वजन केलं. पस्तीस ग्रॅम वाढलं. पंचवीस मिनिटांच्या मेहनतीनंतर त्या पोरीच्या पोटात दोन-तीन मोठे चमचे दूध गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचे कागद चाळले. तेव्हा सूनबाईला रक्तस्राव फार झाला होता, त्यानं कधीकधी दूध कमी येतं, असं म्हणाल्या. 'यात तुमचं काही चुकलेलं नाही. अंगावर आधी पाजायचं, ते सोडायचं नाही, आणि प्रत्येक वेळी मागून थोडं वरचं दूध द्यायचं. आठ दिवसांनी वजन बघू.' मग विचारलं, 'इतकी कमी पिते, जास्त झोपते, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?' सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघत म्हणाली, 'मला वाटलं, असंच असतं.'

मला वाचवत होती गं ती. अडीच महिने मी जे जे सांगितलं, ते सगळं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलंही नसतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, 'तिनं मला विचारलं होतं. वाढतेय असं मी सांगितलं. मला दिसत होतं, तरी सांगितलं.' तुझ्या भावाची पेन्सिल थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'मावशी, आता दिसलं ना, मग झालं. दूध कसं कालवायचं ते आत नर्स दाखवेल, तुम्हीही जा.' एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली मी, त्या नर्सच्या पुढ्यात उभी राहून दूध कालवायला शिकले. पाणी किती, पावडर किती, मनगटावर थेंब टाकून दूध किती ऊन आहे ते बघायचं कसं. शिकले म्हणजे काय, हात आपोआप चालत होते. त्याचं पुढे सांगते.

घरी आल्यावर पहिली बाटली सूनबाईनं दिली. मुंगीनं चार घोट घेतले, थांबली, डोळे मोठे केले, आणि मग जी प्यायली! कानशिलं हलत होती. संपल्यावर मुठी उघडल्या. बाळाच्या मुठी पोट भरल्यावर उघडतात, हे मी हजार आयांना सांगितलं असेल. अडीच महिन्यांत त्या अशा उघडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, आणि पाहिल्या नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. सूनबाई तेव्हा रडली. मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण मला तू दिसायला लागलीस.

सहा वर्षं झाली. तू बाळाला घेऊन इथे राहायला आली होतीस. तो रडरड रडायचा आणि मी म्हणायचे, पाज, अजून पाज. तू पाजून पाजून पांढरीफटक पडली होतीस. मग एका सकाळी कपाटात चादरींच्या मागे मला दुधाच्या पावडरीचा डबा सापडला. मी काय केलं ते तू विसरली नसशील, मीही विसरलेले नाही. तू कालवून ठेवलेलं दूध मी तुझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. पोर हात पुढे करून रडत होतं. आणि वर म्हटलं, 'काटेबाईच्या मुलीनं बाटली धरली, हे मी दवाखान्यात कोणत्या तोंडानं सांगू?' तू पोराला उचलून खोलीत गेलीस. दुसऱ्या दिवशी सामान बांधलंस. तेव्हापासून येतेस, जेवतेस, भांडी विसळून ठेवतेस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातेस. राहत नाहीस. तुझा लेक या घरात एकदाही झोपलेला नाही. मी लोकांना सांगते, तिला कामातून सवड होत नाही.

काल आठ दिवस झाले. मुंगी चार किलो एकशे साठ भरली. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर टिंब काढलं, रेघ वर वळली, तुझ्या भावानं त्या कार्डाचा फोटो काढून पाव्हण्यारावळ्यांना पाठवला, तुलाही आला असेल. परत येताना गाडीत मी आणि सूनबाई मागे बसलो होतो, मुंगी मधे झोपलेली. तिनं सहज विचारलं, 'आई, तुम्ही नोकरी करत होतात, मग ताईंना किती दिवस पाजलंत?' उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, छत्तीस वर्षं देत आले तेच. पण या खेपेला ते निघेना. मी तिला खरं सांगितलं. तिनं मुंगीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, 'हे ताईंना माहीत आहे?'

तर ते सांगायला हे पत्र. त्या दिवशी मोरीपाशी उभी राहून मी तुला आणखी एक वाक्य ऐकवलं होतं, ते वर लिहायचं टाळलं. मी म्हटलं होतं, 'मी नोकरी करून तुला वर्षभर अंगावर पाजलं, तुला घरी बसून जमत नाही?' ते खोटं होतं, चिंगे. तू दोन महिन्यांची असताना मी कामावर हजर झाले आणि पंधरा दिवसांत माझं दूध आटलं. तू वरच्या दुधावर वाढलीस. सकाळची बाटली तुझे बाबा द्यायचे, दुपारची मी, आणि कोणी येण्याआधी ते ती धुऊन मोठ्या पातेल्यामागे ठेवायचे. बायांना अंगावरच्या दुधाचे धडे देणारी मी, लाज वाटत होती. बाबांनी ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुझ्या भावाच्या वेळी भरपूर दूध आलं, मग तुझ्या वेळचं खोटं आणखीच पक्कं झालं. पण काल तिच्याशी बोलताना एक गोष्ट आठवली, आणि ती मी किती वर्षं बाटलीबरोबर लपवून ठेवली होती हे तेव्हा कळलं. दुपारी मी कामावरून यायचे, खिडकीपाशी बसायचे, तुला मांडीवर घ्यायचे. तू एक हात बाटलीवर ठेवायचीस, दुसऱ्यानं माझं बोट धरायचीस, आणि पिता पिता माझ्याकडे बघायचीस. पापणी न हलवता, बाटली संपेपर्यंत. माझ्या हाताखालून हजारो बाळं गेली, माझ्याकडे तसं कोणी बघितलं नाही. तुला मी हे कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाटलीचंही सांगावं लागलं असतं. तू माझ्याकडे कशी बघायचीस, ते तुला माहीत असायला हवं होतं.

तुझीच, आणि हे लिहून झाल्यावर जरा जास्तच तुझी,
आई